काठीवाला बाबा

साळूबाईचा फोन आला तेव्हा रामहरी दाढी करत होता. अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून त्याने फोन घेतला, कारण आईचा फोन म्हणजे गावातल्या कुणाच्या तरी मोबाइलवरून केलेला फोन. उचलायला उशीर झाला की तो माणूस कंटाळून कट करतो. "येते रं उद्या," ती ओरडली. फोन हे ओरडण्याचं यंत्र आहे ही तिची समजूत आजवर कुणाला बदलता आली नव्हती. "बाळाचं जावळ हाये. कातर घेऊन येते. बाबापाशी काढू." तो "बरं" म्हणाला. नेहमी म्हणायचा तसंच, सवयीने. आणि फोन ठेवल्यावर आरशात अर्धा पांढरा, अर्धा सावळा चेहरा पाहत तो उभा राहिला. बाबा नव्हता. बाबाला काढून पंधरवडा झाला होता. तो का काढावा हे समितीपुढे सगळ्यांत चांगलं कुणी सांगितलं असेल, तर ते प्राध्यापक रामहरी नजन यांनी, म्हणजे साबण वाळत चाललेल्या याच गृहस्थांनी. पुन्हा फोन करून सांगता आलं असतं. नंबर समोरच होता. त्याने उरलेला गाल केला, जरासा कापून घेतला, आणि कॉलेजला निघून गेला. संध्याकाळी बायकोला सांगितलं तर रूपाली पीठ मळता मळता म्हणाली, "तुम्ही घातलेला घोळ तुम्हीच निस्तरा. माझ्या तोंडून वदवू नका." तिचंही बरोबरच होतं. हल्ली सगळ्यांचंच बरोबर असायचं.

बाबा म्हणजे कॅप्टन हॅलम. छावणीकडच्या बागेत आज्या-पणज्यांच्या काळापासून उभा असलेला काळ्या दगडाचा पुतळा. सोयगावच्या डोंगरातून खाली खानदेशात उतरणारी एक घाटवाट या कॅप्टनने शोधून काढली, असं खालच्या इंग्रजी पाटीवर होतं म्हणे. पाटी केव्हाच चोरीला गेली. पण साळूबाईच्या माणसांना पाटीशी काय देणंघेणं? दिवाळी झाली की मेंढरं घेऊन डोंगरातून उतरायचं, फुलंब्रीच्या अंगाने लोकांच्या शेतांत खतासाठी मेंढरं बसवत शहराच्या वेशीपर्यंत यायचं, हा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा फेरा. बाग तेव्हा बाग नव्हती, माळ होता, आणि माळावर हा एकटा. त्यांना काय दिसलं? हातात काठी. खांद्यावर घोंगडी, तो कॅप्टनचा प्रवासातला झगा होता, पण पडला होता अगदी घोंगडीसारखा. टोपीचा काठ कुणाच्या तरी धोंड्याने उडालेला, राहिलं ते मुंडासं. काखेत दुर्बीण. मेंढराला औषध पाजायचं बांबूचं नळकांडं काखेत मारून जन्मभर हिंडलेल्या माणसाला ती दुसरं काय वाटणार? आणि पायाशी कुत्रं. कुत्र्याने तर निकालच लावला. हा आपलाच. कुणीतरी मोठा राखणदार होऊन गेला असणार, उगाच का दगडाचा झाला! मग नारळ आला, भंडारा आला, लोट्यातून दूध आलं. मेंढरांची पहिली लोकर आणि लेकरांचं पहिलं जावळ एकाच कातरीने काढून त्याच्या पायाशी ठेवायची रीत पडली. साळूबाईची चार लेकरं गेली तेव्हा पाचव्या खेपेला ती नवस बोलली, तोही बाबाला नाही, कुत्र्याच्या कानात. राखणदाराला काही सांगायचं तर आधी त्याच्या कुत्र्याला सांगावं, ते नेऊन पोचवतं, असं या लोकांत म्हणतात. कुत्र्याने पोचवलं असावं. रामहरी झाला, जगला, शिकला, आणि त्याने इतिहासात पीएचडी केली.

सकाळी पुण्याहून आलेला मुलगा ऋतुराज गाडी चालवत होता, शेजारी सून सोनिया बाळाला घेऊन, मागे रामहरी आणि साळूबाई. पहाटेच्या गाडीने येऊन, चहा पिऊन, पाठ टेकायचं नाव न घेता ती तयार झाली होती. मांडीवर पिशवी, पिशवीत कातर, भंडाऱ्याची पुडी, दुधाची बाटली. खांद्यावर स्वतःच्या हाताने काढलेल्या लोकरीची घोंगडी. गाडीत लोकरीचा वास पसरला. सोनियाने काच थोडी खाली केली आणि लगेच सासऱ्यांकडे पाहून पुन्हा वर केली. रामहरीला त्या काच वर करण्याचीच लाज वाटली. हा वास त्याला ओळखीचा होता. वसतिगृहात पहिल्या वर्षी त्याने तो वास अंगावरून घालवायला साबणाच्या वड्याच्या वड्या संपवल्या होत्या. "बस लासूर स्टेशनावरनं फिरून आली असती तरी बरं झालं असतं," असं काहीतरी त्याच्या मनात येऊन गेलं. म्हणजे उशीर झाला असता. उशीर झाला असता म्हणजे काय झालं असतं? बाबा परत येऊन उभा राहिला असता? सांगायला हवं. पुढच्या सिग्नलला सांगू. सिग्नल आला, हिरवा झाला. साळूबाई बाळाच्या पायाला बोट लावून म्हणत होती, "तुझ्या आज्याचं जावळ बी तिथंच काढलं. लई रडला व्हता आज्या तुझा. लई भित्रा." ऋतुराजने समोरच्या आरशातून बापाकडे पाहिलं. त्याला ठाऊक होतं. पुतळ्याबद्दल समितीपुढे केलेलं भाषण कुणीतरी मोबाइलवर घेतलं होतं, ते पुण्यापर्यंत पोचलं होतं, आणि मुलाने त्यावर अंगठा पाठवला होता. आता तोच मुलगा आरशात नुसता पाहत होता.

भाषण चांगलं झालं होतं, यात शंका नाही. शंका असती तर बरं झालं असतं. "ज्या वाटेने माझ्या आज्याची मेंढरं रोज उतरत होती, ती वाट या माणसाने शोधली," तो म्हणाला होता, आणि हशा येईपर्यंत थांबला होता. "आणि शोधली कशी? आमच्यातल्याच एका वाटाड्याच्या कमरेला दोर बांधून, त्याला पुढे घालून. दोराचं दुसरं टोक साहेबाच्या हातात. सापडलं काय, तर आमचंच आम्हाला." दोर खरा होता. वाटाड्या खरा होता. त्याचं नाव कुणी टिपलं नाही हेही खरं. "मी हे मेंढपाळाचा मुलगा म्हणून सांगतो," असंही तो म्हणाला. उभ्या नोकरीत हे वाक्य त्याने कधी उच्चारलं नव्हतं. स्टाफरूममध्ये तो 'सोयगावकडचा' होता, शेतीवाडी असलेला, बस. त्या दिवशी ते वाक्य त्याने खिशातून नवी नोट काढावी तसं काढलं आणि ते चाललं. टाळ्या झाल्या. मग समितीतल्या एका बाईंनी चष्मा वर करून विचारलं, "सर, आसपासच्या लोकांच्या काही भावना वगैरे गुंतल्यात का? पुतळ्याच्या पायाशी कधी कधी भंडारा दिसतो." प्रश्न साधा होता. उत्तरही साधं होतं. तो म्हणाला, "नाही हो. टाकतं कुणीतरी." कुणीतरी. बाईंनी मान हलवली आणि विषय पुढे गेला. एवढंच झालं. पुढचे दोन दिवस लोक अभिनंदन करत होते आणि त्याच्या कानात तो एक शब्द कुसळासारखा रुतून बसला होता. खोटं बोललो म्हणून लाज वाटत असती तर ती धरून बसता आली असती. पण भाषण तर सगळं खरं होतं, आणि त्या खऱ्याच्या पोटात हे एवढंसं लपवून ठेवलेलं. आणि भाषण तरी का केलं? वाटाड्यासाठी? दोरासाठी? आठवीच्या सहलीसाठी केलं, हे त्याला भाषणाआधीही माहीत होतं.

आठवीत होता. वसतिगृहात राहून शहरातल्या शाळेत शिकत होता, आणि इतिहासाच्या सरांनी वर्गाला त्या बागेत नेलं होतं. पोरं रांगेत, सर पुतळ्याखाली उभे राहून कॅप्टन हॅलमचं शौर्य सांगताहेत, आणि फाटकातून साळूबाई येते. डोक्यावर दुधाचा लोटा, पायांच्या टाचा धुळीने भरलेल्या. सरांना वळसा घालून ती पुढे जाते, कुत्र्याच्या कानाशी काहीतरी पुटपुटते, आणि कॅप्टनच्या बुटांवर डोकं ठेवून आडवी होते. आधी एक जण हसला, मग सगळे. "अरे, ही साहेबाच्या पाया पडते!" सर हसले नाहीत, पण हसण्यापेक्षा वाईट केलं; हळूच म्हणाले, "अज्ञान असतं, मुलांनो." उठताना तिने रांगेकडे पाहिलं, तिचा चेहरा फुलला, तिने हाक मारली, "रामा!" आणि रामा पुढच्या उंच पोराच्या पाठीमागे सरकला. ती दोनदा ओरडली असेल. मग तिला वाटलं असावं की आपला भास झाला. लोटा घेऊन ती गेली. सुट्टीत घरी गेला तेव्हा ती सहज म्हणाली होती, "त्या दिशी बाबापाशी एक पोरगं हुबेहूब तुझ्यावानी दिसलं रं." तेव्हापासून तो पुतळा त्याच्या डोळ्यांत सलत होता. माणसं शिकून सवरून शहाणी होतात, आणि आठवीतल्या एका हसण्याचा सूड उगवायला समितीच्या सभेत जातात.

बागेत सकाळच्या फेऱ्या मारणारे लोक होते. साळूबाई गाडीतून उतरली ती थेट आत. या बागेत तिला रस्ता विचारावा लागत नव्हता. नाना-नानी कट्टा, घसरगुंडी, मेंदीचं कुंपण ओलांडून ती चौथऱ्याशी पोचली आणि थांबली. चौथरा नुसता होता. मधोमध लोखंडी गज वर आलेले, भोवती चुन्याचा सडा, एका कोपऱ्यात कबुतरं. ती चौथऱ्याला एक फेरी घालून आली. पलीकडच्या बाजूला असेल असं वाटलं असावं. मग दुसरी फेरी घालून आली. "कुठं गेला?" तिने विचारलं, जसं काही तो लघवीला गेला असेल. सोनिया बाळाला या कुशीवरून त्या कुशीवर घेत राहिली. ऋतुराज फोन बघायला लागला.

"काढला, माय," रामहरी म्हणाला.

"कुणी?"

"इथल्या... समितीनं. ठराव झाला."

"का म्हून? त्यानं कुणाचं काय वाईट केलं व्हतं?"

आता हे सांगणं सोपं होतं, हे त्याला पाठच होतं. "माय, तो बाबा नव्हता. गोरा साहेब होता. इंग्रज. आपल्या माणसांना दोरानं बांधून नेलं होतं त्यानं."

साळूबाईने ते ऐकून घेतलं. "साहेब?" ती म्हणाली. "आसंल बी. मला कुठं वाचता येतं. पण बांधून नेणारा ह्यो नसंल रं. दुसरा आसंल. ह्याच्याजवळ कुत्रं व्हतं." मग, "मी काय मागितलं, ते ह्यानं दिलं का नाय? दिलं. मग साहेब का आसंना." तिने पिशवी चौथऱ्यावर ठेवली, आणि पुतळ्याच्या जागी हात फिरवला, गजांमधून, चुन्यावरून. तिचा हात पांढरा झाला. "तुला ठावं व्हतं? ठराव व्हायच्या आधी?"

"हो."

"मग तू काय बोललास का नाय? तू तर मोठ्या कालिजात हायेस. तुझं ऐकत्यात लोक." ती त्याच्याकडे पाहत होती. तिच्या पाहण्यात संशय असता तर त्याने बहुधा खरं सांगितलं असतं. संशयापुढे माणूस ताठ उभा राहू शकतो. पण तिच्या डोळ्यांत नुसती खात्री होती, ही असली खात्री त्याने उभ्या जन्मात कुणाबद्दल बाळगली नव्हती. "भांडला असशील ना तू?"

"हं," रामहरी म्हणाला.

एवढंच. एक हुंकार. ऋतुराजने फोनवरून डोळे उचलले आणि बापाकडे पाहिलं, आणि पुन्हा खाली घातले. "मला ठावं व्हतं," साळूबाई म्हणाली. "एकट्याचं काय चालतंय. जाऊ दे, मनाला लावून घेऊ नको." आणि तिने चुन्याने माखलेल्या हाताने त्याच्या दंडावर थोपटलं. शर्टवर पाच बोटं उमटली. तो ती झटकायला गेला आणि थांबला.

पण ती निघेना. जावळ अर्ध्यावर सोडता येत नाही, कातर घराबाहेर निघाली की काम करूनच आत जाते. "फोडला तर नाय ना? मग ठिवला आसंल कुठंतरी. तिथं जाऊ." कुठे ठेवला ते रामहरीला माहीत होतं, ठरावाच्या शेवटच्या ओळीतच होतं. माहीत नाही म्हणायला तोंड उघडलं, पण एका सकाळी दोनदा ते जमेना. शहराबाहेर, कंपन्यांच्या रस्त्याला, तुटके झोपाळे आणि दिव्यांचे खांब टाकायची एक मोकळी जागा होती. ऋतुराजने गाडी तिकडे वळवली. बाळ पणजीच्या घोंगडीचा कोपरा तोंडात घालून चोखत होतं, आणि सोनियाने तो काढून घेतला नाही.

पत्र्याचं फाटक उघडून रखवालदार आला. पन्नाशीचा, कानाला मफलर. रामहरीला पाहताच त्याचा चेहरा उजळला. "अरे, सर! तुम्ही इथं?" मग बाकीच्यांकडे वळून, मोठ्या कौतुकाने, "मी सांडू, फुलंब्रीचा. सरांचं भाषण धा बार ऐकलं आपण. काय बोलले, एकदम बढिया! सगळे नुस्ते बसले व्हते, सरांमुळंच निघाला ह्यो गोरा. नायतर कुणाची बिशाद व्हती!" पत्रे तापायला लागले होते. कुठेतरी एक तुटका झोपाळा कुरकुरत होता. रामहरीला आपला चेहरा जाणवत होता, चेहऱ्याचं कातडं वेगळं जाणवत होतं. आता कुणीतरी बोलायला हवं, आणि ते आपण, हे त्याला कळत होतं. आठवीतल्या त्या उंच पोराची पाठ शोधत असल्यासारखा तो ऋतुराजच्या मागे अर्धं पाऊल सरकलासुद्धा.

"नाय, दादा," साळूबाई म्हणाली. सांडूकडे पाहत, अगदी शांतपणे. "त्यो दुसरा कुणीतरी आसंल. माझं पोर तसलं नाय."

"अवो आजी, मी व्हिडिओ—"

"दुसरा कुणीतरी आसंल," ती पुन्हा म्हणाली, आणि पुढे चालू लागली. सांडूने रामहरीकडे पाहिलं. रामहरीने त्याच्याकडे पाहिलं नाही. तो आईच्या मागे चालू लागला, आणि आपल्या आईला आपण आपल्यासाठी खोटं बोलू दिलं, हे त्याला कळलं.

बाबा भिंतीकडेला कुशीवर पडला होता. काठी मधोमध तुटलेली, दुर्बीण मात्र शाबूत. उचलताना कुत्रं मुळापासून सुटलं होतं. ते कुणीतरी आणून त्याच्या छातीजवळ उभं करून ठेवलं होतं, फाटकाकडे तोंड करून. साळूबाईने अंगावरची घोंगडी काढली आणि पडलेल्या दगडावर पांघरली, माणूस उघडा निजला असला की घालतात तशी. मग बसली. "आण त्याला," ती सोनियाला म्हणाली. जावळाला लेकरू मामाच्या मांडीवर घ्यायचं, पण मामा लांबच्या गावी. "तू घे," ती रामहरीला म्हणाली. तो गजांच्या तुकड्यांमध्ये मांडी घालून बसला. बाळ मांडीवर आलं, ऊबदार, जड, कशाचीच लाज नसलेलं. आईच्या हातातली कातर दोन पात्यांची, काळी, मेंढरांची. तिने ती एवढ्या हलक्या हाताने चालवली की बाळाला कळलंही नाही. एक बट. ती तिने कुत्र्याच्या पायाशी ठेवली, दूध शिंपडलं, भंडारा बाबाच्या गालाला लावला, बाळाच्या कपाळाला लावला. मग चिमूट घेऊन ती रामहरीकडे वळली. तिचा अंगठा त्याच्या कपाळावर टेकला आणि तिथंच राहिला, नेहमीपेक्षा जास्त वेळ, जरा जोराने. तिचा चेहरा इतका जवळ होता की त्याला तिच्या डोळ्यांकडे पाहावंच लागलं. त्यांत मघाची खात्री नव्हती. दुसरं काहीतरी होतं; चार लेकरं गेल्यावरही पाचवं मागायला आलेल्या बाईच्या डोळ्यांत असेल ते.

"माय," तो म्हणाला. आवाज पाहिजे त्यापेक्षा मोठा निघाला. "माय, तो दुसरा कुणी नव्हता. मीच—"

साळूबाईने झटकन हात पुढे केला आणि कुत्र्याच्या दगडी कानावर पंजा झाकून धरला.

"हळू बोल," ती कुजबुजली. "ते बाबाला जाऊन सांगंल."